न सरकणारी सावली

लेरखनबाख या गावी कधी गेलात तर पोस्टात, दातांच्या डॉक्टरकडे आणि स्टेशनासमोरच्या खानावळीत भिंतीवर हिवाळ्याची चित्रं दिसतील. उतरत्या छपरांवर हातभर बर्फ, चर्चचा कांद्यासारखा कळस, मागे आल्प्सचे डोंगर, आणि कोपऱ्यात देवनागरीत 'श्या. त.' अशी सही. गावातली निम्मी माणसं त्या सहीला कुठल्याशा पक्ष्याच्या पायाचा ठसा समजतात. पाहुणे त्या चित्रांपुढे हात मागे बांधून उभे राहतात आणि म्हणतात, "किती शांत!"

मला हसू येतं. ती चित्रं काढणारा माणूस काढताना कसा थरथरत असे, ते मी पाहिलं आहे. शांतता त्या कागदावर चुकून सांडलेली आहे.

श्यामकांत तळाशीलकर हा मालवणजवळच्या तळाशीलचा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खाडी, मध्ये वाळूची पट्टी आणि तिच्यावर याचं घर. त्यामुळे पाण्याला हा कधी भ्यायला नाही. बाकी सगळ्याला भ्यायचा. कुत्र्याला, न्हाव्याच्या वस्तऱ्याला, टेलिफोनला, गणवेशातल्या पोस्टमनला. लिफ्टमध्ये तर पाऊलच ठेवत नसे. "होडी उलटली तर पोहून येईन रे श्रीरंगा. ही उलटली तर काय करू?" असं मला गंभीरपणे विचारायचा. आणि या सगळ्या भयांचा शिरोमणी म्हणजे आउसलेंडरआम्ट, परदेशी माणसांना राहण्याचा परवाना देणारी कचेरी. तिथे जायच्या आदल्या दिवसापासून त्याचं पोट बिघडायचं.

असला माणूस जर्मनीत आला कसा? मुंबईत चित्रकला शिकला, एका छापखान्यात कॅलेंडरांवरचे राम-कृष्ण रंगवू लागला, आणि त्या छापखान्याने पंचावन्न साली त्याला रंगीत छपाई शिकायला इकडे धाडलं. वर्ष झालं नाही तोच छातीत पाणी झालं. डॉक्टर म्हणाले, डोंगरावरच्या हवेत राहा. हा लेरखनबाखच्या रुग्णालयात सहा महिने राहिला, बरा झाला, तोवर छापखान्यातली जागा गेली होती. परत जावं तर बायको सुलेखा गावी सगळ्यांना सांगून बसलेली की आमचे हे जर्मनीत बढतीवर आहेत. मग हा तिथेच प्रेस्टेल नावाच्या शेतकऱ्याच्या माडीवर खोली घेऊन राहिला आणि पाहुण्यांसाठी देखावे रंगवू लागला. बेकरीवाल्या विधवा बाईंनी एका चित्राच्या बदल्यात याला हिवाळाभर पाव दिला. पाव देताना बाई लाजतात का, एवढंच मी विचारलं, तर तीन दिवस माझ्याशी बोलला नाही.

मी तेव्हा कार्ल्सरूहेला डॉक्टरेट करत होतो. विषय वाहत्या पाण्याचा. घसरत्या बर्फाबद्दल मला ओ की ठो कळत नव्हतं, पण हे कबूल करायची अक्कल त्या वयात नसते. सत्तावन्नच्या नाताळात मी पंधरा दिवसांची सुट्टी काढून श्यामकांतकडे गेलो. म्हटलं, चांगलंचुंगलं खाऊ, त्याची थोडी फिरकी घेऊ, परत येऊ.

तो खुशीत होता. गावाच्या फेरकेर्सफेराइनने, म्हणजे पाहुण्यांची वर्दळ वाढवणाऱ्या मंडळाने, त्याला बारा चित्रं सांगितली होती. हिवाळ्याचं कॅलेंडर काढायचं होतं. त्याच मंडळाचा अध्यक्ष गावचा बुर्गरमाइस्टर, म्हणजे नगराध्यक्ष, आणि हाच गृहस्थ आउसलेंडरआम्टला पत्र लिहिणार होता की हा मनुष्य गावाच्या उपयोगाचा आहे, ह्याचा परवाना वाढवा. तो वाढला की सुलेखावहिनी येणार. म्हणजे बारा चित्रांवर बायको.

"दिवसभर बाहेर उभा राहून काढतोस?" मी विचारलं.

"वेडा आहेस का! बाहेर कुत्रा आहे."

सगळी चित्रं तो माडीच्या खिडकीतून काढायचा. प्रेस्टेलचं घर गावाच्या अल्याडच्या टेकाडावर. खिडकीतून दरी, दरीत गाव, आणि गावापल्याड समोरासमोर एक मोठा पांढरा उतार. त्याचं नाव रोसलाइटे. चित्रं जलरंगातली. जलरंगात बर्फाला पांढरा रंग लावत नाहीत, कागद तसाच कोरा सोडतात. "अरे, बर्फ मी काढतच नाही," श्यामकांत सांगायचा. "मी फक्त सावल्या काढतो. सावली बरोबर पडली की बर्फ आपोआप दिसतो."

दोन जानेवारीला दुपारी त्याने तयार झालेली नऊ चित्रं खोलीभर जमिनीवर मांडली. मी पलंगावर पाय घेऊन बसलो, कारण पाय ठेवायला जागा उरली नाही. एकेक बघत म्हणालो, "त्या उताराच्या मधोमध ही निळी सावली झकास टाकलीस हं. कपाळावर चिरी लावल्यासारखी."

तो हसला. मग हसता हसता थांबला.

वाकून त्याने दोन चित्रं उचलली. एक सकाळचं, एक तिन्हीसांजेआधीचं. सकाळच्या चित्रात चर्चच्या कळसाची सावली डावीकडे पडलेली, दुसऱ्यात उजवीकडे. झाडांच्या, छपरांच्या, कुंपणाच्या, साऱ्या सावल्या सूर्याबरोबर बाजू बदलून बसलेल्या. रोसलाइटेवरची ती निळी रेघ मात्र दोन्हींत तिथल्या तिथे.

"हात सवयीने काढत असेल," मी म्हणालो.

तो खिडकीशी गेला. मग मागे न वळता म्हणाला, "श्रीरंगा, ती सावली नाय. ती खरीच आसा."

घाबरला की तो मालवणीत शिरायचा. मी उठून बघितलं. समोरच्या उतारावर, अगदी मधोमध, आडवी निळसर रेघ होती. दोन्ही टोकं खाली वळलेली. त्याने चित्रं तारखेवार लावली. बारा डिसेंबरला केसाएवढी, वीसला दोऱ्याएवढी, आणि कालच्या चित्रात चांगली बोटाएवढी. तीन आठवडे हा बहाद्दर त्या उताराची फाटत चाललेली कातडी मन लावून रंगवत होता, आणि सुंदर दिसते म्हणून तिला जरा जास्त निळा देत होता.

"भित्र्या," मी म्हणालो, "आता डोंगरालाही भ्यायला लागलास? ही इथली माणसं जन्मापासून बर्फात राहतात. त्यांना नसतं दिसलं?"

"त्यांना नाही दिसत! गावातून वर बघितलंस तर मध्ये उताराचं पोट येतं. रेघ त्या पोटाच्या वर आहे. इथूनच दिसते फक्त. आणि इथे खिडकीत दिवसभर कोण बसतं? मी."

मी हसलो. पण तो का थरथरतोय ते मला माहीत होतं. सात तारखेला प्रेस्टेल आणि आणखी पाच जण त्या रोसलाइटेखालून जाणार होते. तिथली रीत अशी की उन्हाळ्यात उंचावरचं गवत कापून वरच्याच लाकडी खोपटांत भरून ठेवतात. ते उन्हाळ्यात खाली आणायला वाट नसते. जानेवारीत बर्फ घट्ट झाला की पुढे बैलाच्या शिंगांसारखे दांडे असलेल्या घसरगाड्या ओढत वर न्यायच्या, गवत लादायचं, आणि गाडीवाल्याने पुढे त्या शिंगांमध्ये उभं राहून टाचा रोवत रोवत ते ओझं खाली आणायचं. मागे गवताचा डोंगर, पुढे एकटा माणूस. आणि वाट रोसलाइटेच्या पायथ्याशी आडवी जाते.

"सांगायला हवं," श्यामकांत म्हणाला. "पण माझं जर्मन..."

त्याचं जर्मन म्हणजे 'नमस्कार', 'आभारी आहे' आणि रंगांची नावं. मी दुभाषा झालो. खाली स्वयंपाकघरात अलोईस प्रेस्टेल दोरखंडाला मेण चोळत बसला होता. साठीचा, ताडमाड, भुवया खराट्यासारख्या. चुलीपाशी त्याची बायको वाल्बुर्गा आणि टेबलाशी जावई लोरेंझ. श्यामकांत मराठीत भडाभडा बोलला की उतार फाटला आहे, तो खाली येणार, जाऊ नका, माणसं मरतील. लोरेंझ माझ्याकडे बघून आधीच गालात हसत होता. मला लाज वाटली. जन्मात कधी बातमी कमी करून सांगितली नाही अशी माझी ख्याती, पण त्या दिवशी मी कमी करून सांगितली. म्हटलं, "याला समोर एक रेघ दिसते. काय असेल ती?"

"समुद्राकाठच्या माणसाला बर्फात काय काय दिसेल!" लोरेंझ म्हणाला. "तुमच्याकडे बर्फ औषधाला तरी मिळतो का हो?"

"धरलेल्या माशांवर ठेवतात," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

श्यामकांत हसला नाही. त्याने चित्रं टेबलावर मांडली. बोलला नाही, नुसतं बोट ठेवत गेला. कळसाची सावली इकडे, कळसाची सावली तिकडे. रेघ इथे, रेघ इथेच. मग तारखा. अलोईसने चष्मा शोधला. एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघितलं. दोरखंड बाजूला ठेवला.

"होय," तो हळूच म्हणाला. "माशाचं तोंड."

गवताळ उतारावरचा बर्फ असा फाटतो त्याला ती माणसं माशाचं तोंड म्हणतात. खालचं गवत आडवं पडून गुळगुळीत होतं आणि अख्खा बर्फ अंगाने घसरू लागतो. कधी उन्हाळ्यापर्यंत तसाच लटकून राहतो, तर कधी एका दमात खाली येतो, आणि केव्हा ते कोणालाच सांगता येत नाही.

"रोसलाइटे माझ्या बापाच्या काळात कधी आली नाही," लोरेंझ म्हणाला.

"तुझ्या बापाच्या काळात वर झाडं होती," अलोईस म्हणाला. "लढाईनंतरच्या दोन हिवाळ्यांत आपणच ती जाळली. तर मग, सात तारखेचं रद्द."

माडीवर आल्यावर श्यामकांत पलंगावर आडवा झाला आणि छताकडे बघत म्हणाला, "आता खरंच पडलं पाहिजे रे."

तेव्हा मला ते कळलं नाही. पुढच्या दहा दिवसांत कळलं.

कारण पडलं नाही. कडाक्याची थंडी पडली, आकाश काचेसारखं, आणि रेघ होती तेवढीच राहिली. आठ, नऊ, दहा तारीख गेली. गावभर बातमी पसरली. बातमी कशी पसरते हे मी कोणाला शिकवावं! बेकरीत दोघी बायका बोलल्या, संध्याकाळी खानावळीतल्या दोन पाहुण्यांनी सामान बांधलं. अकरा तारखेला बुर्गरमाइस्टरने श्यामकांतला बोलावलं. माणूस अतिशय सभ्य. खुर्ची दिली, कॉफी दिली, नावाआधी 'हेर', म्हणजे श्रीयुत, लावलं.

"हेर तळाशीलकर, चित्रं सुंदर आहेत. फक्त ती निळी रेघ पुसून द्या. पाहुणे विचारतात." मग टेबलावरच्या एका कोऱ्या कागदावर तळहात ठेवून म्हणाला, "तुमचं पत्र अजून लिहायचं आहे."

एवढंच बोलला. बाहेर येऊन श्यामकांत रस्त्याच्या कडेला ओकला.

मला सर्दी झाली आहे असं मी कार्ल्सरूहेला प्रोफेसरांना कळवलं आणि थांबलो. तो जेवेना. दिवसभर खिडकीशी बसायचा, पेन्सिल हातभर पुढे धरून एक डोळा मिटून रेघ मोजायचा. लोरेंझ अंगणातून ओरडायचा, "हेर चित्रकार, मासा काय म्हणतो?" आणि खाली गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. खालचं गवत संपत आलं होतं. शेजारचे शेतकरी अलोईसच्या दारात येऊन उभे राहू लागले. तोंडाने काही म्हणत नव्हते. टोप्या मात्र काढत नव्हते.

बाराव्या दिवशी श्यामकांत मला म्हणाला, "मी देवाकडे काय मागतोय माहीत आहे? एकदाचा कोसळू दे. घरात माणसं आहेत की वाटेवर, याचा विचारसुद्धा येत नाही आधी. आधी वाटतं, कोसळू दे, म्हणजे मी खरा ठरेन. ह्या माणसाची मला भीती वाटते रे."

"कुठल्या माणसाची?"

"हा जो आत बसलाय, त्याची."

मला विनोद सुचला नाही. माझ्या बाबतीत ही गोष्ट नोंद घेण्यासारखी आहे.

पंधरा तारखेला अलोईसने सांगितलं, उद्या जायचं. गाईंना भूक कळते, भेग कळत नाही. श्यामकांत उभा राहिला. मला न विचारता, स्वतःच्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "मी बघतो. तिकडून. घंटा."

घरापासून पन्नास पावलांवर टेकाडाच्या टोकाला एक इवलंसं देऊळ होतं, त्यांचं चॅपल. दहा माणसं कशीबशी मावतील एवढं. त्याच्या खिडकीतून रोसलाइटे थेट समोर. तिथली घंटा वादळ आलं किंवा कोणी गेलं तर वाजवायची, एरवी नाही. ती वाजली की अख्खं गाव घराबाहेर पडतं.

अलोईसने दोरखंड खांद्यावर टाकला. "ठीक. आम्ही खालून एकेक जण जाऊ. तू वाजवलीस की सगळं टाकून वाटेवरच्या काळ्या खडकामागे पळू. पण ऐक. एकदाच. खोटी वाजवलीस तर दुसऱ्यांदा कोणी पळणार नाही."

मी हे भाषांतर करून सांगितलं. या वेळी एक शब्दही गाळला नाही. श्यामकांतने मान हलवली.

सोळा तारखेला सकाळी सहा माणसं गाड्या ओढत गेली आणि आम्ही दोघे चॅपलमध्ये. थंडी अशी की श्वासाचा आवाज ऐकू यावा. त्याने एक बाक खिडकीसमोर ओढला, गुडघे टेकले आणि हनुवटी बाकाच्या पाठीवर घट्ट टेकवली, म्हणजे डोळा हलायला नको. मग लाल मेणखडूने खिडकीच्या काचेवर दोन बारीक रेघा काढल्या, एक माशाच्या वरच्या ओठावर, एक खालच्या ओठावर. खालचा ओठ लाल रेघेच्या खाली सरकला की घंटा ओढायची. देखाव्याचं माप घ्यायची त्याची रोजचीच पद्धत होती ती. फक्त आज त्या मापाखालून माणसं जाणार होती.

"तू काच पूस," तो म्हणाला. "माझ्या श्वासाने धुकं धरतंय. पण रेघांना हात लावू नको."

मी बाहीने पुसत राहिलो. तो पापणी लववायला घाबरत होता. डोळ्यांतून पाणी गळत होतं, हनुवटी बाकावर थरथरून टकटक आवाज करत होती.

नऊ वाजता माणसं वर पोचली. दहाला गवत लादलं. आणि त्याच सुमारास एक विचित्र गोष्ट झाली. दारातून गरम वारा आला. अंगणात कोणी भट्टी उघडावी तसा. दक्षिणेकडून डोंगर ओलांडून येणाऱ्या त्या वाऱ्याला तिकडे फ्योन म्हणतात. तो सुटला की माणसांची डोकी दुखतात, एवढं मी ऐकून होतो. चॅपलच्या छपराच्या बर्फाच्या कांड्या टपटप गळायला लागल्या. काच आतून बाहेरून घामेजली.

"पूस! पूस लवकर!"

मी पुसली. समोर वाटेवर पहिली गाडी निघाली. मुंगीएवढी. उताराखालून गेली, पार झाली. मग दुसरी, तीही पार झाली. तिसरी लोरेंझची. ती मध्यावर आली तेव्हा मी पुन्हा काच पुसली, आणि बाहीकडे बघितलं. बाहीवर लाल डाग होता.

तो खडूचा होता.

"श्रीरंगा," श्यामकांत हनुवटी न हलवता कुजबुजला, "खालचा ओठ रेघेच्या खाली गेलाय. गेलाय रे. तू खूण पुसलीस का? सांग. हात लागला का तुझा?"

मी बाही पाठीमागे घेतली. मी म्हणालो, "नाही."

का म्हणालो? लाजेने. दुसरं कारण नाही. पंधरवडाभर ज्याला भित्रा म्हणत होतो, त्याच्यासमोर एवढंसं काम बिघडवलं हे कबूल करायची लाज.

तो उठला, अडखळला, दोर धरला आणि ओढला.

ती घंटा लहान, पण दरीभर घुमली. खालून दारं उघडल्याचे आवाज आले. समोर लोरेंझने गाडी टाकली आणि तो काळ्या खडकाकडे धावला. मागचे तिघे जागच्या जागी थांबले. श्यामकांत ओढतच होता. मी खिडकीशी. उतार पांढराशुभ्र, ढिम्म.

एक मिनिट. दोन मिनिटं. गावातले लोक फावडी, लांब काठ्या घेऊन ओढ्यावरच्या पुलाशी जमले, वर बघू लागले. उतार ढिम्म. चार मिनिटं. ही घंटा उताराने वाजवली की माझ्या बाहीने, हे जगात कोणालाच माहीत नव्हतं, आणि हा प्रश्न पडला होता तो मला एकट्याला. आज ही खोटी ठरली तर उद्या खरी वाजेल तेव्हा कोणी पळणार नाही. श्यामकांतला पत्र मिळणार नाही. आणि मेलं कोणी तर ते माझ्या माथी.

"काय दिसतंय?" तो ओरडला.

"काही नाही."

तो रडत होता, पण दोर सोडत नव्हता.

सहाव्या मिनिटाला लोरेंझ खडकामागून बाहेर आला. एवढ्या लांबूनसुद्धा कळलं की तो चॅपलकडे मूठ उगारतोय. गाडीकडे चालायला लागला. दहा-बारा पावलं गेला असेल.

मग उतार सुरकुतला. पलंगावरची चादर कोणी पायथ्याकडून ओढावी तसा. आवाज नाही. आवाज मागून आला, आधी एक खोल धप्प, आणि मग जमिनीतून पायांत चढणारी घरघर. लोरेंझ वळून धावला. पांढरा धूर उठला आणि त्यात तो, गाडी, वाट, सगळं गेलं.

धूर बसला तेव्हा खडकापाशी एक हात हलताना दिसला. कमरेपर्यंत गाडला गेला होता तो. घंटा ऐकून पुलाशी जमलेली माणसं फावड्यांसकट धावली आणि अर्ध्या तासात त्याला बाहेर काढलं. गळ्यापाशी हाड मोडलं, एक बूट गेला, गाडीची दोन फळकुटं पुढे वसंतात सापडली. बाकी पाचही धड.

घंटा अजून वाजतच होती. मी म्हटलं, "श्याम, पुरे, झालं." त्याला ऐकू येईना. शेवटी वाल्बुर्गाबाई पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि त्यांनी त्याची बोटं दोरावरून एकेक करून सोडवली, लहान मुलाच्या मुठीतून सोडवावीत तशी.

दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात सगळे जमले. बुर्गरमाइस्टरही आला, त्याने श्यामकांतचा हात हातात घेऊन बराच वेळ हलवला, पत्र आजच जाईल म्हणाला. श्यामकांत सुपात चमचा फिरवत राहिला. सूप गार होत होतं.

"आता तू गावाचा हिरो," मी कानात म्हणालो. "बेकरीवाल्या बाई आता केक देतील."

"कोसळलं ना," तो म्हणाला, "तेव्हा मी विचारलं नाही लोरेंझ कुठे आहे. मी म्हटलं, सुटलो. हे कोणाला सांगू नको."

मी मान हलवली. माझ्या बाहीवरचा डाग मी टेबलाखाली धरून ठेवला होता. त्याच्या कबुलीला माझी कबुली जोडायची ती वेळ होती. मी सूप प्यायलो.

अलोईस पाइप भरत म्हणाला, "उजवी बाजू आली. डावी तशीच आहे. आणि आपली दोनच ओझी खाली आली."

चौथ्या दिवशी सकाळी न्याहारीच्या वेळी जिन्यावर जड पावलं वाजली. दारात अलोईस, त्याच्यामागे चौघे, आणि हात गळ्यात बांधलेला लोरेंझ. सगळ्यांनी टोप्या काढल्या होत्या.

"हेर चित्रकार," लोरेंझ म्हणाला, नजर जमिनीला. "गवत संपलं. याल का?"

श्यामकांत पलंगाच्या काठावर बसला. बुटांच्या नाड्या त्याला बांधता येईनात. दोनदा सुटल्या. तिसऱ्यांदा वाल्बुर्गाबाईंनी वाकून बांधल्या. मग त्याने खिशात लाल खडू टाकला आणि माझ्याकडे बघितलं.

"चल," तो म्हणाला. "काच पुसायला तूच हवास. दुसऱ्या कोणाच्या हातावर माझा भरवसा नाही."

मी कोट चढवला. डाग असलेली बाही आत दुमडली आणि त्याच्यामागून जिना उतरलो.